दाढीनंतरच्या पुटकुळ्या, काळे डाग आणि मेडिकलवरची ट्यूब

पोलीस भरती जाहीर झाली की खामगाव, चिखली, मेहकरच्या वस्त्यांमधली पोरं पहाटेच मैदान गाठतात. धावणं सुरू होतं, गोळाफेक सुरू होते आणि रोजची गुळगुळीत दाढीही सुरू होते. पंधरा दिवसांत अनेकांच्या गळ्यावर, जबड्याच्या कडेला बारीक पुटकुळ्या उठतात. काहींत पू धरतो. त्या बसल्या की जागी काळा डाग उरतो आणि तो डाग जायच्या आत शेजारी दुसरी पुटकुळी तयार असते. घरात कोणी म्हणतं उष्णता झाली, कोणी म्हणतं रक्त बिघडलं. रक्ताचा यात काहीच दोष नाही. दोष आहे केसाच्या वळणाचा आणि पात्याच्या धारेचा.

ज्यांच्या दाढीचा केस राठ आणि वळणदार असतो त्यांना हा त्रास जास्त होतो. अगदी खोलवर दाढी केली की केसाला तिरकं, सुईसारखं टोक येतं. दोन-तीन पात्यांचं रेझर तर केसाला ओढून कापतं, त्यामुळे उरलेलं टोक कातडीच्या आत दबतं. वाढताना ते सरळ बाहेर न येता आतल्या आत घुसतं, नाहीतर बाहेर येऊन वळतं आणि शेजारीच पुन्हा आत शिरतं. शरीराच्या लेखी तो मग आपला केस राहत नाही, रुतलेला काटा होतो. काटा रुतल्यावर जसं सुजतं तसंच इथेही सुजतं. सावळ्या आणि काळ्या त्वचेत सूज आली की रंग तयार करणाऱ्या पेशी जास्तीचा रंग सोडतात. डाग म्हणजे तो सांडलेला रंग. तो मळ नव्हे, घासून निघत नाही. घासलं तर सूज वाढते आणि डाग आणखी गडद होतो. हनुवटीवरचे केस वस्तऱ्याने काढणाऱ्या किंवा उपटणाऱ्या बायकांनाही हेच होतं, पण त्या लाजेने बोलत नाहीत. (हनुवटीवर अचानक जास्त केस येऊ लागले आणि पाळीही अनियमित असेल, तर ते वेगळं दुखणं असू शकतं. डॉक्टरांना दाखवावं.)

जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांचे केस एकाएकी गळू लागले, तेव्हा आयसीएमआरचं पथक गावात आलं होतं. त्या प्रकाराचा आणि या पुटकुळ्यांचा काही संबंध नाही. पुटकुळ्यांसाठी कोणतंही पथक येणार नाही, म्हणून इथे जरा सविस्तर लिहीत आहोत.

पहिलं औषध फुकटचं आहे. दाढी थांबवा. निदान तीन-चार आठवडे पातं चेहऱ्याला लावू नका. पहिले आठ दिवस खाज वाढल्यासारखी वाटेल, मग केस वाढून स्वतःच कातडीतून सुटतात. बहुतेकांच्या पुटकुळ्या एवढ्यानेच बसतात. नोकरीमुळे दाढी वाढवता येत नसेल तर ट्रिमर वापरा आणि खुंट एक-दोन मिलिमीटर राहू द्या. लांबून चेहरा स्वच्छच दिसतो आणि केसाला आत वळायला जागा मिळत नाही.

वस्तराच लागणार असेल तर घाई करू नका. आंघोळीनंतर, नाहीतर कोमट पाण्यात बुडवलेलं फडकं पाच मिनिटं चेहऱ्यावर ठेवून मग फेस करा. आपल्याकडे इथे एक खास अडचण आहे. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगावकडच्या खारपाण पट्ट्यात बोअरच्या पाण्याला साबणाचा फेसच येत नाही आणि कोरड्या कातडीवर पातं खरवडत जातं. तिथल्यांनी पिण्याच्या गोड्या पाण्यातला एक तांब्या दाढीसाठी बाजूला काढावा. ही चैन नव्हे. पातं एकच असावं आणि धारदार असावं. केस ज्या दिशेने उगवतो त्याच दिशेने एकदा फिरवायचं, कातडी ताणायची नाही, त्याच जागी पुन्हा पुन्हा घासायचं नाही. गळ्यावरचे केस वेगवेगळ्या दिशांनी उगवतात, तेव्हा आधी बोट फिरवून दिशा पाहावी. तुरटीने रक्त थांबतं, पण पुटकुळी जात नाही. लिंबू, खाण्याचा सोडा आणि टूथपेस्ट यांनी कातडी भाजते, ती चेहऱ्यावर लावूच नका. केस कातडीबाहेर वळलेला दिसत असेल तर उकळून घेतलेल्या सुईने त्याचं टोक हलकेच वर सोडवा. उपटू नका, उपटलेला केस पुन्हा आतूनच येतो.

सलूनमध्ये जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. नवीन ब्लेड तुमच्या समोर फोडायला सांगा, कारण हिपॅटायटिस बी आणि सी पात्यावरून पसरू शकतात. आणि एकदा सरळ दाढी झाली की 'उलटा हात नको' असं स्पष्ट म्हणा. सांगायला संकोच वाटतो, हे आम्ही जाणतो. सलूनच्या खुर्चीत बसणं हीच एकेकाळी आपल्या माणसाला नाकारलेली गोष्ट होती. साताऱ्यात बाबासाहेबांचे आणि त्यांच्या भावाचे केस त्यांची मोठी बहीण कापायची, कारण कोणी न्हावी अस्पृश्यांच्या डोक्याला हात लावायला तयार नव्हता. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी स्वतः ते लिहिलं आहे. आज आपण पैसे देऊन त्या खुर्चीत बसतो, तेव्हा आपल्या कातडीला काय चालतं ते सांगायला काय हरकत आहे?

श्रामणेर शिबिरात एकाच वस्तऱ्याने ओळीने मुंडन होत असेल तर तेही थांबवावं, प्रत्येकाला नवीन ब्लेड हवं. ज्यांच्या मानेवर मागच्या बाजूला आधीपासून टणक गाठी आहेत त्यांनी मुंडनाऐवजी मशीनने बारीक केस करण्याची परवानगी मागावी. त्या गाठी जवळून वस्तरा फिरवल्याने आणि घट्ट कॉलर घासल्याने वाढतात. काहींच्या त्वचेत मग जखमेपेक्षा मोठा, रबरासारखा फुगीर वण उभा राहतो. तो कापून काढायला जाऊ नका, नुसता कापला तर अनेकदा आधीपेक्षा मोठा होऊन परत येतो. त्वचारोगतज्ज्ञ त्यात काही आठवड्यांच्या अंतराने इंजेक्शन देऊन तो बसवतात.

आता मुख्य धोक्याकडे येतो. तो पुटकुळीत नाही, डाग घालवायच्या ट्यूबमध्ये आहे. मेडिकलवर 'डागावर काहीतरी द्या' म्हटलं की पन्नास-साठ रुपयांची ट्यूब हातात पडते. आठ दिवसांत चेहरा उजळतो, आणि तिथेच माणूस फसतो. अशा अनेक ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. चार-सहा महिने लावलं की कातडी पातळ होते, लाल पडते, उन्हात जळजळते, नको तिथे लव उगवते. लावणं बंद केलं की चेहरा पेटल्यासारखा होतो, म्हणून माणूस पुन्हा तीच ट्यूब आणतो. दाढीत नायटा असेल, म्हणजे गोल, कडेला खवले असलेला आणि खूप खाजणारा चट्टा असेल, तर स्टेरॉइडने तो दबतो आणि आतून पसरत जातो. बॉक्सवर बेटामेथासॉन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन यांपैकी शब्द दिसला तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती घेऊ नका. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी चौदा स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असा नियम केला आहे. दुकानदाराला तो माहीत असतो. महिनोन् महिने लावत असाल तर एका दिवसात बंद न करता डॉक्टरांना विचारून सोडा.

गोरं करणाऱ्या बिननावाच्या डब्या त्याहून वाईट. शेजारच्या अकोल्यात असं क्रीम वापरणाऱ्या एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांवर परिणाम झाल्याचं २०२३ मध्ये समोर आलं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासलं तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला. काळा रंग हा आजार नाही आणि आपल्याला तो घालवायचाही नाही. घालवायचा आहे तो डाग.

डागासाठी काय लावावं? ॲझेलेइक ॲसिडचं मलम पुटकुळी आणि डाग दोन्हींवर चालतं आणि गरोदर बाईलाही देता येतं. रात्री मटारच्या दाण्याएवढं ॲडापालीन जेल केसाचं तोंड मोकळं ठेवतं, पण गरोदरपणात ते टाळतात. पू धरत असेल तर डॉक्टर बेंझॉइल पेरॉक्साइड देतात. त्याने टॉवेल आणि उशीचा रंग उडतो, हे आईला आधीच सांगा. उन्हात काम असेल तर टोपी, दुपट्टा किंवा सनस्क्रीन हवंच, नाहीतर रात्री उतरलेला रंग दिवसा परत चढतो. वरवरचा तपकिरी डाग सहा महिने ते वर्षभर घेतो. निळसर-राखाडी दिसणारा खोल असतो, तो आणखी रेंगाळतो. महिन्यात फरक दिसला नाही म्हणून ट्यूब बदलत बसू नका. केसच कायमचे कमी करायचे असतील तर काळ्या त्वचेला एनडी-याग लेसर तुलनेने सुरक्षित आहे. ते महाग आहे, आणि पार्लरमध्ये करून घेण्याची गोष्ट नाही.

नोकरीचा प्रश्न उरतोच. अमेरिकेत हा त्रास कृष्णवर्णीय पुरुषांना मोठ्या प्रमाणावर होतो. तिथे डोमिनोज पिझ्झाच्या एका शाखाचालक कंपनीने दाढी ठेवल्याबद्दल एका कृष्णवर्णीय कामगाराला काढलं होतं. १९९३ मध्ये अपील न्यायालयाने म्हटलं की अशा सरसकट दाढीबंदीचा फटका कृष्णवर्णीयांना बसतो आणि धंद्यासाठी ती गरजेची असल्याचं कंपनीला दाखवता आलेलं नाही. आपल्याकडे गार्ड, हॉटेल किंवा पोलीस खात्यात असाल तर सरकारी डॉक्टरांकडून 'ट्रिमरने खुंट ठेवणे आवश्यक' असं लेखी घ्या आणि वरिष्ठांना अर्जासोबत द्या. ऐकतील की नाही ते साहेबावर आहे, पण कागद नसेल तर तोंडी बोलण्याला काहीच वजन राहत नाही.

दाखवायचं असेल तर बुलढाण्याचं जिल्हा रुग्णालय आहे, खामगावचं सामान्य रुग्णालय आहे, आणि वण किंवा गाठ मोठी असेल तर अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयातला त्वचा विभाग. जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब, रिकाम्या झालेल्यासुद्धा, पिशवीत घालून न्या. आणि दोन दिवस आधीपासून दाढी करू नका, म्हणजे केस कुठे वळतोय ते डॉक्टरांना दिसेल.