सातपुड्यातील शैलचित्रे : प्राणी ओळखण्याचा प्रश्न

अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्याला लागून, सातपुड्याच्या गाविलगड रांगेत अंबादेवी परिसरातील चित्रित शैलाश्रय आहेत. अमरावतीचे डॉ. विजय इंगोले व त्यांच्या निसर्गप्रेमी सहकाऱ्यांनी ते जानेवारी २००७ मध्ये उजेडात आणले. प्रशासकीयदृष्ट्या हे स्थळ मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात मोडते. शोध मात्र वऱ्हाडचा आहे.

येथील चित्रांत वन्य प्राण्यांचे प्राबल्य आहे. काही आकृतींची मान लांब असल्याने त्यांत जिराफ असल्याचे सुचविण्यात आले. हा तर्क आकर्षक असला तरी घाईचा वाटतो. वऱ्हाडातील शेतकऱ्याच्या परिचयाच्या रोहीचे, म्हणजे नीलगायीचे, खांदेही उंच व पाठ मागे उतरती असते. शिवाय मान लांबवून काढणे ही केवळ रेखाटनाची रीतही असू शकेल.

ऑस्ट्रेलियातील आर्नहेम लँडचे आदिवासी चित्रकार झाडाची साल विस्तवावर शेकून सपाट करतात व तीवर गेरू, पांढरी माती आणि कोळशाने कांगारू, मासे रंगवितात. क्ष-किरण शैलीत प्राण्याचा कणा व आतडीही दिसतात. तेथील शैलचित्रांतही हीच शैली आढळते, आणि परंपरा जिवंत असल्याने अनेक चित्रांतील प्राणी कोणता, ते चित्र काढण्याचा अधिकार कोणत्या कुळाचा, हे चित्रकारांचे वंशजच सांगतात.

अंबादेवीला असा साक्षीदार नाही. गेरू हे लोहयुक्त खनिज असल्याने त्यावरून कार्बन-कालमापनही थेट करता येत नाही. त्यामुळे जिराफाचा निर्णय रेषेवरून नव्हे, तर शैलाश्रयातील उत्खननात मिळणाऱ्या प्राण्यांच्या अस्थींवरूनच करावा लागेल.