फाडा, मांडा, मगच चिकटवा

मालवणच्या बाजारातून आलेली पिशवी एकदा टेबलावर रिकामी करून पाहा. खाज्याची पुडी, सुक्या मासळीला गुंडाळलेलं वर्तमानपत्र, किराण्याची पावती, एसटीचं तिकीट, साबणाचं वेष्टन. कोलाजला लागणारं जवळजवळ सगळं साहित्य त्यात असतं. तयार वस्तूंचे आणि कागदांचे तुकडे एकत्र चिकटवून केलेलं चित्र म्हणजे कोलाज. त्याला हाताइतकाच डोळा लागतो, आणि डोळा सरावाने तयार होतो.

१९१२ साली पाब्लो पिकासोने एका लंबगोल चित्रात वेताच्या विणीचं छापील मेणकापड चिकटवलं आणि चौकटीच्या जागी कडेने खरा दोर लावला. त्याच वर्षी जॉर्ज ब्राकने लाकडासारखा दिसणारा भिंतीचा कागद कापून आपल्या कोळशाच्या रेखाटनात बसवला. आधुनिक कोलाजची सुरुवात इथून मानतात. चित्रात खरी वस्तू आली की तिचा वापरही सोबत येतो. रापणीच्या जाळ्याचा तुटका दोर घ्या. उन्हाने उडालेला रंग, झिजलेले तंतू, घट्ट बसलेली गाठ हे सारं तो आयतं घेऊन येतो.

वस्तू जमवून रचायची सवय सिंधुदुर्गात घरोघरी आहे. चतुर्थीला गणपतीवर माटवी बांधताना हरणं, कांगलं, कवंडळ ही रानातली फुलं-फळं, नारळ, सुपारीचं शिपटं आणून लाकडी चौकटीवर कशाशेजारी काय शोभेल हे ठरवलं जातं. कोलाज करणाराही हेच ठरवत असतो.

वस्तू बघायला शिकणं

कोकणातल्याच नागाव इथे जन्मलेले चित्रकार प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) पान, घड्याळ अशा साध्या वस्तू मोकळ्या अवकाशात ठेवून चित्रं रचत. वस्तूकडे पाहण्याचा त्यांचा विचार 'कोरा कॅनव्हास' या पुस्तकात आहे. त्यांच्या चित्रांवरून एक सोपा सराव करता येतो. रोजची एक वस्तू, समजा आमसूल, पांढऱ्या कागदावर एकटी ठेवा. तिचा उपयोग क्षणभर बाजूला ठेवून फक्त कड, सुरकुती, सावली आणि रंग बघा. मग तिच्याशेजारी दुसरी वस्तू ठेवा. आमसुलाचा काळपट लाल वर्तमानपत्रावर वेगळा दिसतो आणि जांभ्या दगडावर वेगळा. कल्पना सुचायला लागते ती इथे, दोन वस्तू शेजारी आल्यावर.

गोळा करणं आणि निवडणं

जमवलेले तुकडे फिकट, मध्यम आणि गडद अशा तीन ढिगांत लावा. शंका आली तर मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढा. रंगांनी झाकलेला फरक त्यात उघड होतो. तिन्ही ढिगांतलं थोडं थोडं असेल तर चित्र उठून दिसतं.

किनाऱ्यावरचं साहित्य आधी गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवा. वाळूत, दोरात, शिंपल्यात राहिलेलं मीठ हवेतला ओलावा ओढतं आणि कागद दमट ठेवतं. प्रवाळाचे तुकडे मात्र उचलू नका. प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. जिवंत शंख-शिंपलेही पाण्यातच राहू द्यावेत. नारळाच्या झावळीच्या बुडाशी असणारी जाळी, सोडणाचा काथ्या, वाळलेलं पान यांत पोत भरपूर मिळतो.

फाडणं

कागदाच्या तंतूंना एक दिशा असते. वर्तमानपत्र उभं फाडलं तर बहुधा सरळ फाटतं, आडवं फाडलं तर वेडंवाकडं. सरळ कड होडीच्या डोलकाठीला चालते, वेडीवाकडी लाटेला. मासिकाचा गुळगुळीत कागद फाडताना एका तुकड्याच्या कडेला पांढरी रेघ उमटते. तीच फेस म्हणून वापरता येते. कात्री ठेवावी ती जिथे नेमका आकार हवा तिथेच.

मांडणी

डिंकाची बाटली अजून उघडू नका. आधी मोठे तुकडे, मग मधले, शेवटी बारीक, असं सगळं नुसतं ठेवून पाहा. प्रत्येक मांडणीचा फोटो काढा आणि एकेक तुकडा उचलून बघा. ज्याच्यावाचून काही अडत नाही तो काढून टाका. रिकामी जागाही चित्राचाच भाग असते.

चिकटवणं

एक भाग मैदा चार-पाच भाग पाण्यात गुठळ्या मोडून मंद आचेवर ढवळत शिजवला की खळ होते. ती स्वस्त असते, पण तिला कसर लागते आणि पावसाळ्यात बुरशी धरते. म्हणून किनाऱ्यावर थोडं पाणी घातलेला पांढरा फेविकॉल बरा.

ओला झालेला कागद फुगतो आणि वाळताना आकसतो. म्हणून तुकड्याला गोंद लावून मिनिटभर थांबा, मग बसवा आणि मधून कडेकडे दाबत हवा काढा. आकसणारा कागद खालच्या पुठ्ठ्यालाही ओढून वाकवतो. त्यावर उपाय म्हणजे पुठ्ठ्याच्या पाठीलाही तेवढाच साधा कागद चिकटवणं. मग दोन्हीकडचा ताण सारखा होतो. चित्रं दाखवत कथा सांगायच्या पिंगुळीच्या चित्रकथी परंपरेतही दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. ही परंपरा जपणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या पिंगुळीतल्या संग्रहालयात या चित्रांच्या पोथ्या जवळून पाहता येतात. चिकटवून झाल्यावर कोलाज दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून रात्रभर वजनाखाली दाबा.

टिकवणं

वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातलं लिग्निन उरलेलं असतं, म्हणून तो प्रकाशात पिवळा पडतो. यंत्रातून निघालेल्या तिकिटांवरची आणि पावत्यांवरची छपाई तर काही काळाने उडूनच जाते. असे तुकडे झेरॉक्स काढून वापरावेत. फ्रेम करताना काच चित्राला टेकू देऊ नका. फ्रेमच्या मागे चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावले की भिंत आणि चित्र यांत हवा खेळते. पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीवर चित्र लावूच नये.

पहिलं कोलाज पोस्टकार्डाएवढं करा आणि विषय एकच घ्या, एका दिवसाचा बाजार किंवा एक प्रवास. त्या दिवशी हातात आलेल्या कागदांबाहेरचं काही वापरू नका. साहित्य थोडं असलं की प्रत्येक तुकड्याची जागा विचार करून ठरवावी लागते, आणि कोलाज शिकायचं ते तेवढ्यासाठीच.