कॉलेजचा प्रशिक्षक व्यावसायिकांच्या मैदानात

लागलेली चांगली नोकरी टिकवायची, ही आपल्या घरांतली रीत. मुलगा खेळासाठी पगार सोडतो म्हणाला, तर अम्मी-अब्बांची झोप उडेल. अमेरिकेत इंडियानापोलिस शहरात २००० साली ब्रॅड स्टीव्हन्स या तरुणाने नेमके हेच केले. अर्थशास्त्राची पदवी, एली लिली या मोठ्या औषध कंपनीतली नोकरी, सारे सोडून तो बटलर विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघासाठी सुरुवातीला बिनपगारी काम करू लागला.

सात वर्षे त्याने हाताखाली राहून काम शिकून घेतले. २००७ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, तो मुख्य प्रशिक्षक झाला. बटलर हे लहान विद्यापीठ. पण स्टीव्हन्सच्या संघाने २०१० आणि २०११ अशी सलग दोन वर्षे राष्ट्रीय स्पर्धेची अंतिम फेरी गाठली. २०१० मध्ये ड्यूक विद्यापीठाकडून ६१-५९ अशी हार झाली. गॉर्डन हेवर्ड या विद्यार्थ्याने अगदी शेवटच्या क्षणी मैदानाच्या मध्यावरून फेकलेला चेंडू कड्याला लागून बाहेर पडला. तो आत गेला असता, तर विजेतेपद बटलरचे होते!

जुलै २०१३ मध्ये बॉस्टन सेल्टिक्स या नामांकित व्यावसायिक संघाने ३६ वर्षांच्या स्टीव्हन्सला सहा वर्षांसाठी बोलावले. मान मोठा होता, तसा धोकाही. कॉलेजात प्रशिक्षक हा उस्ताद असतो. खेळाडू निवडणारा तोच, आणि मुले चार वर्षांत शिकून निघून जातात. व्यावसायिक संघात खेळाडू कमावते, अनुभवी आणि अनेकदा प्रशिक्षकापेक्षा जास्त मानधन घेणारे असतात. तिथे हुकूम चालत नाही, समजावून पटवावे लागते. कॉलेजात हंगामाला साधारण ३०-३५ सामने, इथे ८२. कॉलेजचा सामना ४० मिनिटांचा, इथे ४८. तिथे हरल्यावर विचार करायला चार दिवस मिळतात, इथे अनेकदा दुसऱ्याच दिवशी पुन्हा मैदानात उतरायचे.

याच सेल्टिक्सने १९९७ मध्ये रिक पिटिनो यांना आणले होते. केंटकी विद्यापीठाला त्यांनी १९९६ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले होते. पण बॉस्टनमध्ये त्यांचा संघ एकदाही बाद फेरीत पोहोचला नाही आणि जानेवारी २००१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. मिशिगन विद्यापीठातले नावाजलेले जॉन बीलाइन २०१९ मध्ये क्लीव्हलँड संघात गेले आणि ५४ सामन्यांनंतर, पहिला हंगाम संपण्याआधीच, बाहेर पडले. कॉलेजातली कीर्ती नव्या मैदानात आपोआप चालत येत नाही.

स्टीव्हन्सलाही पहिल्या हंगामात ८२ पैकी ५७ सामन्यांत पराभव पाहावा लागला. पण संघाच्या मालकांनी घाई केली नाही, आणि तोही शांतपणे शिकत राहिला. पुढच्या वर्षी विजय २५ वरून ४० वर गेले, नंतर ४८, मग ५३.

२०१७ मध्ये तोच हेवर्ड, आता मोठा खेळाडू होऊन, आपल्या जुन्या गुरूच्या संघात आला. पहिल्याच सामन्यात, जेमतेम पाच मिनिटांत, त्याचा पाय मोडला आणि सारा हंगाम हातचा गेला. तरीही उरलेल्या तरुण खेळाडूंना घेऊन स्टीव्हन्सने ५५ सामने जिंकले आणि पूर्व विभागाची अंतिम फेरी गाठली.

प्रशिक्षक म्हणून आठ हंगामांत त्याला विजेतेपद मात्र मिळाले नाही. २०२१ मध्ये त्याने ती खुर्ची सोडली आणि संघ बांधण्याची जबाबदारी घेतली. खेळाडू आणणे, प्रशिक्षक नेमणे हे आता त्याचे काम झाले. २०२४ मध्ये सेल्टिक्स विजेते झाले. तेव्हा प्रशिक्षक होते जो माझुला, आणि त्यांना निवडणारा होता स्टीव्हन्स.

आपल्या घरातला कोणी गावच्या शाळेतून शहरात जातो, कोणी छोट्या दुकानातून मोठ्या कंपनीत. तिथे पहिल्या वर्षी तो अडखळणारच. जुन्या ठिकाणचा मोठेपणा बाजूला ठेवून पुन्हा विद्यार्थी होण्याची त्याची तयारी हवी. आणि पहिला निकाल वाईट लागला म्हणून लगेच “परत ये” न म्हणण्याची सबुरी घरच्यांना हवी. स्टीव्हन्सला बॉस्टनने पहिल्या ५७ पराभवांनंतर परत पाठवले असते, तर पुढचे काहीच घडले नसते.