सप्त्यातली सोंगं

परभणी जिल्ह्यातल्या गावात सप्ता बसला की दिवसाचा क्रम ठरलेला असतो: पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचं पारायण, गाथाभजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. कीर्तन आटोपलं की पाहुणे महाराज गाडीत बसतात. त्यानंतर उजाडेपर्यंत मंडप जागता ठेवायचा असतो. तो हरिजागर गावाच्या वाट्याला येतो आणि भारूडाची सोंगं तिथंच निघतात.

कुठून आलं?

भारूडं अनेक संतांची आहेत, पण नाव निघतं ते पैठणच्या एकनाथांचंच (१५३३ ते १५९९). पैठणची गोदावरी पुढं पाथरी, सोनपेठ करत जनाबाईंच्या गंगाखेडला येते, त्यामुळे आमच्याकडे नाथ कुणाला परके वाटले नाहीत. वासुदेव, जोशी, गोंधळी, आंधळा, विंचू चावलेला माणूस, सगळी पात्रं त्यांनी रस्त्यावरून उचलली आणि त्यांच्या तोंडी अध्यात्म घातलं. नुसतं म्हटलं तर ते भजनी भारूड. वेष घेऊन केलं तर सोंगी.

सोंग निघतं कसं?

‘रोडगा’च घ्या. मिशीवाला, रापलेला, चांगला धिप्पाड गडी घरातलंच लुगडं नेसून, कपाळाला मळवट भरून मंडपात शिरतो. तो असतो सून. भवानीला ती रोडग्याचा नवस बोलते, पण मागणं भलतंच: सासरा परगावीच खपू दे, सासूचा निकाल लाव, जावेला विधवा कर, नणंदेच्या पोराला खरूज होऊ दे. शेवटी नवऱ्यालाही उचल आणि मला एकटीला राहू दे. एकेका नात्याला बायकांच्या बाजूनं हसण्याची लाट येते. खऱ्या सासवाही हसतात, जरा जास्तच. मग पखवाज थांबतो आणि अर्थ सांगितला जातो: ही माणसं म्हणजे जिवाला चिकटलेले विकार आणि पाश, ते सुटले की जीव मोकळा.

मधली बतावणी कुठं लिहिलेली नसते. सोयाबीनचा भाव, पीकविमा, नवा सरपंच, जे गावात चालू असेल ते त्यात येतं. इंग्लंडमधल्या खेड्यांत नाताळच्या सुमारास हौशी मंडळी पँटोमाइम करतात, तिथंही पुरुषच म्हातारी बाई होतो, ताज्या घडामोडींवर कोट्या होतात आणि प्रेक्षक मधूनच ओरडून उत्तरं देतात. फरक इतकाच की आपल्याकडे शेवटी निरूपण चुकत नाही.

टिकवतं कोण?

भजनी मंडळ. त्यात शेतकरी, सालगडी, शिंपी, निवृत्त मास्तर, कुणीही असतं. सप्त्याची पट्टी घरटी गोळा होते, त्यातून पंगती, मंडप आणि कीर्तनकारांची बिदागी निघते. सोंगाला वेगळा पैसा नसतोच. लुगडं बायकोचं, बुगडी कुणाच्या तरी आजीची, पावडर दुकानातून उधार. खर्च नाही म्हणूनच ही कला टिकली, असं माझं मत आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी हौशी राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या मंडळींना नेपथ्य, प्रकाश आणि तालमीची जागा यांचा घोर असतो. इथं मंडप आधीच उभा असतो आणि प्रेक्षक जेवून आलेला असतो.

सोंग घेणारा नवा पोरगा मिळतो. मोबाइलवर सिल्लोडकडच्या निरंजन भाकरे यांचा ‘बुरगुंडा’ किंवा पंढरपूरच्या चंदाताई तिवाडी यांची भारूडं बघून तो हावभाव उचलतो. अडचण समोरच्या माणसाची असते. पखवाजाशेजारी उभं राहून सोंगाला “कोण गं तू? कुठून आलीस?” असं खोदून विचारणारा, लांबलेली बतावणी नेमक्या जागी तोडून पुन्हा पदावर आणणारा. त्याला दोन-तीनशे अभंग पाठ लागतात. तो गेला की भारूडाची नुसती नक्कल उरते. तरणी मंडळी पुण्याला, चाकणला कंपन्यांत लागलेली, सप्त्याला दोन दिवस येतात. तेवढ्यात सोंग शिकता येतं, समोर उभं राहण्याचं काम नाही.

सरकारी मानधन

ज्येष्ठ साहित्यिक-कलावंतांसाठी राज्य सरकारची मानधन योजना आहे. पन्नाशी ओलांडलेल्या कलावंतांना ती लागू होते आणि २०२४ पासून महिना ५००० रुपये मिळतात. भजनी मंडळातले म्हातारेही अर्ज करतात. त्याला कलेचे पुरावे जोडावे लागतात. आता ज्यानं जन्मभर बिदागीच घेतली नाही, त्यानं पावती कुठली आणायची? मग पेटीतून सप्त्यांच्या जुन्या पत्रिका निघतात. वर कीर्तनकार महाराजांचे फेटेवाले फोटो, त्यांची गावं, तारखा. अन्नदात्यांची नावं ठळक अक्षरात. आणि अगदी तळाला बारीक टायपात एक ओळ: हरिजागर – समस्त भजनी मंडळ.