मिरजेचा तंबोरा आणि टेराहर्ट्‌झ सेन्सर

मिरजेच्या तंबोऱ्यात जोडीची एक तार छेडली, की त्याच सुरातली दुसरी आपोआप थरथरते. हाच रेझोनन्स.

मेटामटेरियलमध्ये तारांऐवजी धातूच्या, केसाच्या जाडीएवढ्या कड्या असतात. लहर सेकंदाला साधारण 1 लाख कोटी वेळा हलणारी. कडीवर कीटकनाशकाचा थर बसला, की सूर जरासा उतरतो.

मी सॉफ्टवेअरवाला, आकड्यात सांगतो. सूर 100 गिगाहर्ट्‌झ पसरट असेल, तर 5 चा फरक दिसणं अवघड. 10 चाच असेल, तर लगेच दिसतो. म्हणून कडीच्या दोन फटींपैकी एक मुद्दाम सरकवतात. ऊर्जा बाहेर कमी सांडते, सूर टोकदार होतो.

2010 मध्ये क्लोरमेक्वाटच्या अंशामुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली. तासगावच्या बागायतदाराला हे आधीच कळायला हवं ना? अडचण एकच: पाणी या लहरी पिऊन टाकतं. त्यामुळे रस थेट चालत नाही, नमुना सुकवावा लागतो.