हवामानाचा कारभार कोणाच्या हाती?

धूर राष्ट्रांच्या सीमा ओळखत नाही. कायदा मात्र सीमेपाशी थांबतो. हवामानबदलाच्या प्रश्नाची खरी अडचण येथे आहे. साऱ्या पृथ्वीवर अधिकार चालवील असे सरकार अस्तित्वात नाही. मग या प्रश्नाचा कारभार पाहतो कोण? अलीकडे मालाच्या वेष्टनावर आणि विमान कंपन्यांच्या जाहिरातींत ‘कार्बन न्यूट्रल’ ही अक्षरे दिसू लागली आहेत. ती कोणाच्या अधिकाराने छापली जातात, हे आमच्या वाचकांना उमजावे, यासाठी हा लेखप्रपंच.

पहिला मार्ग राष्ट्रांचा. १९९२ साली संयुक्त राष्ट्रसंघाचा हवामानविषयक करार झाला. १९९७ च्या क्योटो कराराने विकसित राष्ट्रांवर बंधनकारक मर्यादा घातल्या. २०१५ च्या पॅरिस कराराने मात्र प्रत्येक राष्ट्राला आपले उद्दिष्ट स्वतःच ठरवण्याची मुभा दिली. उद्दिष्ट जाहीर करणे सक्तीचे आहे. ते गाठले नाही तर दंड नाही. व्हॅटिकननेही २०२२ साली या करारात प्रवेश केला.

दुसरा मार्ग शहरांचा. २००५ साली लंडनचे तत्कालीन महापौर केन लिव्हिंगस्टन यांच्या पुढाकाराने १८ महानगरांचे प्रतिनिधी एकत्र आले. त्यातूनच आजची ‘सी-४०’ ही संघटना उभी राहिली. मुंबई २०२० च्या डिसेंबरात तिची सदस्य झाली, आणि मार्च २०२२ मध्ये महापालिकेने आपला हवामान कृती आराखडा प्रसिद्ध केला. २०५० पर्यंत शहराचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट त्यात आहे. राष्ट्र मागे हटले तरी शहरे पुढे जाऊ शकतात, हे या मार्गाचे बळ. जून २०१७ मध्ये अमेरिकेने पॅरिस करार सोडण्याचा मनोदय जाहीर केला, तेव्हा तेथील अनेक राज्यांनी, शहरांनी व उद्योगांनी आपण कराराशी एकनिष्ठ राहू, असे घोषित केले होते.

तिसरा मार्ग खासगी संस्थांचा. एखाद्या देशातील जंगल तोडीपासून वाचले, तर जितके टन कार्बन डायऑक्साइड हवेत जाण्याचे टळले, तितकी ‘कार्बन क्रेडिट्स’ त्या प्रकल्पाला मिळतात. दूरदेशीची कंपनी ती विकत घेते आणि तेवढे आपले उत्सर्जन भरून निघाले, असे सांगते. या प्रमाणपत्रांचे नियम ठरवणारी ‘वेरा’ ही प्रमुख संस्था कोणत्याही सरकारचे खाते नाही. गोम अशी की प्रकल्प नसता तर किती जंगल तुटले असते, हा आकडा अंदाजाचा असतो. तो फुगवला की न टळलेला धूरही टळल्याची नोंद होते. जानेवारी २०२३ मध्ये ब्रिटनच्या ‘द गार्डियन’सह काही वृत्तसंस्थांनी वर्षावनांच्या क्रेडिट्सविषयी हाच आक्षेप घेतला. ‘वेरा’ने तो नाकारला, मात्र त्याच वर्षी मोजणीची नवी पद्धतही जाहीर केली.

बँकांचा अनुभवही बोधप्रद आहे. एप्रिल २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या पाठबळाने बँकांची ‘नेट-झिरो’ आघाडी स्थापन झाली. २०२४ च्या अखेरीपासून अमेरिकेतील मोठ्या बँका एकामागोमाग एक बाहेर पडल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये आघाडीचे काम थांबले. स्वेच्छेने दिलेला शब्द स्वेच्छेने मागेही घेता येतो.

म्हणून खासगी प्रयत्न निरुपयोगी ठरतात, असे आम्ही म्हणत नाही. सरकारे थबकतात तेथे हेच प्रयत्न वाट काढतात. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ऑक्टोबर २०२३ मधील ‘लाउदाते देउम’ या पत्रात, राष्ट्रांच्या सहकार्याला तळातून उभ्या राहणाऱ्या नागरी चळवळींची जोड हवी, असे प्रतिपादन केले. ऊर्जेतील परिवर्तन परिणामकारक, बंधनकारक आणि सहज तपासता येण्याजोगे असावे, अशा तीन कसोट्याही त्यांनी सांगितल्या.

आमच्या मते प्रत्येक घोषणेला याच कसोट्या लावाव्यात. मोजणी कोणी केली? ती त्रयस्थाने तपासली काय? शब्द मोडल्यास जाब विचारणारा कोणी आहे काय? खोट्या हिशेबाचा भार अखेरीस पूर आणि दुष्काळ सोसणाऱ्या गरिबांवर पडतो. ‘कार्बन न्यूट्रल’चा शिक्का त्यांना तारू शकत नाही. मुंबईचा आराखडा तर आपल्या दाराशीच आहे. त्याची प्रगती नगरसेवकांना विचारण्याचा अधिकार तेथील प्रत्येक मतदाराला आहे. सीमेपलीकडच्या कारभारावर अंकुश ठेवण्याची सुरुवात अशीच, आपल्या प्रभागापासून करता येईल.