पेटी एकाची, माशी साऱ्या गावाची

सातेरी मधमाशीची तरुण राणी सुरुवातीच्या काही दिवसांतच मिलनासाठी पोळ्याबाहेर उडते. हवेत तिला अनेक नर भेटतात. ते आपल्याच पेटीतले असतील असे नाही, आणि नसलेलेच बरे. नात्यातल्या नरांशी मिलन होत राहिले, तर काही अंड्यांतून कामकरी माशीऐवजी निकामी नर तयार होऊ लागतात. कामकरी माश्या त्या अळ्या खाऊन टाकतात, चौकटीत मधेमधे रिकामी घरे दिसू लागतात आणि वसाहत रोडावते. म्हणजे तुमची पेटी कशी चालेल, हे शेजाऱ्याकडे आणि जवळच्या रानात किती वसाहती आहेत यावरही ठरते. म्हणूनच पेण आणि रोहा तालुक्यांत मधपेटी ठेवू पाहणाऱ्याने पेटीआधी सोबती शोधावेत, असे मला मनापासून वाटते. गावोगावच्या मधपाळांचे एक मंडळ असावे.

फुलांचेही तेच. सातेरी साधारण किलोमीटर-दीड किलोमीटरच्या टापूत फिरते. तेवढ्यात कोणाचे कलिंगड असते, कोणाची काकडी-कारली, कोणाची काजूची बाग. वेलवर्गीय पिकांत नर आणि मादी फुले वेगळी असतात. पराग पोचला नाही तर फळ धरत नाही, धरले तर वाकडे होते. तिथे मधमाशीचा उपयोग उघड दिसतो. हापूसच्या मोहोरावर मात्र इतर माश्याच अधिक काम करतात. मधपेटी ठेवली म्हणून आंबा दुप्पट लागेल, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. शेजाऱ्याने सकाळी फुलांवर कीटकनाशक मारले, तर दुपारपर्यंत पेटीपुढे मेलेल्या माश्यांचा सडा पडतो. फवारणी संध्याकाळी करा आणि आदल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप टाका, एवढे साधे काम. पण ते मंडळाने सांगितले तर ऐकले जाते. एकट्याने सांगितले तर भांडण होते.

शिकण्याची बाब याहून मोठी आहे. पेटी उघडताना सूर्य पाठीशी घ्यायचा, धुराचे दोन झोत द्यायचे आणि चौकट उभीच उचलून षट्कोनी घरांच्या तळाशी पाहायचे. तिथे बारीक पांढरी अंडी असतात. पहिल्या दिवशी अंडे तळावर उभे असते, दुसऱ्या दिवशी कलते, तिसऱ्या दिवशी आडवे होते. राणी नजरेस पडली नाही तरी उभे अंडे दिसले, की ती कालपर्यंत जागेवर होती हे कळते. पुस्तकात हे एका ओळीत आटोपते. पण ती नजर अनुभवी माणसाच्या खांद्याशी उभे राहूनच येते. पेणजवळच्या हमरापूर-जोह्याच्या गणपती कारखान्यांत पोरे रंगवायला शिकतात, तसेच हे आहे. राणीचे नवे घर बांधले जातेय का, मेणकिडा लागलाय का, वसाहत उडून जायच्या बेतात आहे का, हे वेळेत ओळखले तर पेटी वाचते. 1991-92च्या सुमारास थाई सॅकब्रूड या विषाणूने दक्षिण भारतात सातेरीच्या असंख्य वसाहती संपवल्या. असा रोग एका पेटीत दिसताच सगळ्यांना कळणे, हाच पहिला उपाय.

आपल्याकडचा खरा कसोटीचा काळ पावसाळ्याचा. चार महिने कोसळणाऱ्या पावसात फुले मिळत नाहीत, माश्या उपाशी पडतात आणि पेटी सोडून जातात. साखरेचा पाक किती आणि कधी द्यायचा, पेटी वाऱ्या-पाण्यापासून कुठे ठेवायची, हे इथल्याच माणसांना ठाऊक असणार. त्यांत कातकरी वाड्यांवरचे जाणते आधी हवेत. कोणत्या झाडाच्या ढोलीत सातेरी नांदते, हे त्यांच्याइतके कोणाला माहीत नाही. त्यांना मजूर म्हणून नव्हे, शिक्षक म्हणून मंडळात घ्यायला हवे.

पैशाचा हिशोबही एकत्रच जुळतो. चार पेट्यांसाठी मधयंत्र विकत घेणे परवडत नाही. दहा घरांत मिळून परवडते. मेणाने बंद न झालेल्या घरांतला मध पातळ असतो, आंबतो; बाजारात पाण्याचे प्रमाण साधारण 20 टक्क्यांच्या आत लागते. ते मोजायचे साधनही सामाईक घेता येते.

हे काही नवे नाही. महाबळेश्वरात 1946 मध्ये शासकीय मधमाशीपालनाचे काम सुरू झाले, तिथल्या मधपाळांनी सहकारी सोसायटी उभारून ‘मधुसागर’ नावाने मध विकला. त्याच तालुक्यातले मांघर 16 मे 2022 रोजी देशातले पहिले ‘मधाचे गाव’ ठरले. मांघर उभे राहिले ते बहुतेक घरांनी मिळून माश्या राखल्या म्हणून. सह्याद्रीच्या पलीकडे जमले ते अलीकडे जमणार नाही, असे मानायला काही कारण नाही.

राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या मध केंद्र योजनेत प्रशिक्षण आणि साहित्यासाठी अनुदान मिळते. रोह्याजवळ किल्ला येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. पेण-रोह्यातल्या पाच-सहा जणांनी एकत्र जाऊन तिथे चौकशी करावी, एका वाडीत दोन पेट्या ठेवाव्यात, महिन्यातून एकदा सगळ्यांनी मिळून त्या उघडाव्यात. आपापली पेटी त्यानंतर घ्यावी.